प्राचीन माया लोकांच्या मृत्यू आणि पुनर्जन्माविषयीच्या समजुती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया म्हणजे नेमके कोणते लोक? संस्कृतमधील ‘माया’ या शब्दाशी त्यांचा काही संबंध आहे का?

संबंध काहीही नाही. उच्चारातले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. ग्वाटेमाला, बेलीझ, मेक्सिकोचा आग्नेय भाग आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिमेकडचा पट्टा हा माया लोकांचा प्रदेश. इ.स. २५० ते ९०० हा त्यांच्या नगरराज्यांच्या भरभराटीचा काळ असून अभ्यासक त्याला अभिजात काळ म्हणतात. त्यांचे एकछत्री साम्राज्य कधीच नव्हते. टिकाल, पालेंके, कोपान, कालाक्मुल अशी अनेक राज्ये एकमेकांशी लढत, सोयरिकी करत आणि आपापल्या राजांच्या मृत्यूच्या तारखा दगडावर कोरून ठेवत. माया लोक नामशेष झाले, हे वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते, पण ते खरे नाही. सुमारे तीस माया भाषा आजही लाखो लोकांच्या तोंडी आहेत. म्हणूनच पुढील उत्तरांत काही ठिकाणी भूतकाळ, तर काही ठिकाणी वर्तमानकाळ आढळेल.

त्यांच्या मृत्यूविषयक समजुती आज कशावरून कळतात?

पुरावा भरपूर आहे, परंतु तो सगळा सारख्या वजनाचा नाही, आणि एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. अभिजात काळातील कोरीव लेख, थडग्यांत सापडलेली रंगवलेली भांडी आणि खुद्द थडगी हा समकालीन पुरावा होय. मात्र त्याचा मोठा भाग राजघराण्यांचा आहे. झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर लिहिलेल्या पोथ्यांपैकी आज चारच शिल्लक आहेत. जुलै १५६२ मध्ये मेक्सिकोच्या युकातान भागातील मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने देवमूर्तींबरोबर माया पोथ्यांचीही होळी केली, आणि याच माणसाने पुढे १५६६ च्या सुमारास माया चालीरीतींचा जो वृत्तान्त लिहिला, त्याच्यावाचून आज एकाही अभ्यासकाचे पान हलत नाही.

कथांसाठी मुख्य आधार आहे तो ‘पोपोल वूह’ या ग्रंथाचा. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील किचे माया लोकांनी तो १५५० च्या दशकात, स्पॅनिश विजयानंतर, आपल्याच भाषेत पण लॅटिन लिपीत लिहून काढला. ती प्रत आता उपलब्ध नाही. फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी चिचिकास्तेनांगो येथे केलेली नक्कल शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. अभिजात काळ आणि हा ग्रंथ यांच्यात सहा-सात शतकांचे अंतर असल्यामुळे ग्रंथातले प्रत्येक वाक्य जसेच्या तसे आठव्या शतकाला लावता येत नाही. तरीही आठव्या शतकातील भांड्यांवर त्यातले नायक आणि काही प्रसंग ओळखू येतात, त्यामुळे कथेचा गाभा जुना आहे याविषयी शंका उरत नाही.

माया लेखांत मृत्यूचा उल्लेख कसा येतो?

‘मेला’ असे सरळ सांगणारे क्रियापद त्यांच्याकडे होते आणि ते वापरलेही जाई. पण राजाच्या बाबतीत लेखनिक बहुधा निराळी शब्दयोजना करत. ‘तो वाटेला लागला’ या अर्थाचा ‘ओच बीह’ आणि ‘तो पाण्यात शिरला’ या अर्थाचा ‘ओच हा’ हे दोन प्रयोग विशेष प्रसिद्ध आहेत. तिसरा प्रयोग श्वासाविषयी आहे: त्या माणसाचा पांढऱ्या फुलासारखा श्वास सरला, असा त्याचा साधारण आशय. पहिल्या दोन प्रयोगांत प्रवास आहे, तिसऱ्यात सुगंध ओसरणे आहे, आणि अस्तित्वच पुसले जाण्याची कल्पना तिन्हींपैकी एकातही नाही.

श्वास आणि प्राण यांची ही सांगड केवळ अलंकारिक नव्हती. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने सोळाव्या शतकात नोंदवले आहे की एखादा सरदार मरणपंथाला लागला, की त्याच्या तोंडाशी मौल्यवान खडा धरत, जेणेकरून शेवटच्या श्वासाबरोबर बाहेर पडणारा प्राण त्यात उतरावा. थडग्यांमध्ये मृताच्या तोंडात जेड या हिरव्या मौल्यवान दगडाचा मणी सापडतो, त्याचा अर्थ लावताना ही नोंद फार उपयोगी पडते.

आत्मा एकच, अशीही त्यांची समजूत नव्हती. मेक्सिकोच्या चियापास राज्यातील सिनाकांतान येथील त्झोत्झिल माया लोक आजही ‘चुलेल’ या प्राणतत्त्वाचे तेरा भाग मानतात. भीतीने किंवा पडल्याने त्यातला एखादा भाग शरीरातून निसटतो, आणि तो परत बोलावण्यासाठी विधी करावा लागतो.

शिबाल्बा म्हणजे माया लोकांचा नरक का?

नाही. या विषयावरचा हा सर्वांत चिवट गैरसमज आहे. शिबाल्बा हे किचे भाषेतील नाव असून त्याचा अर्थ ‘भीतीचे ठिकाण’ असा होतो. तेथे जाण्यासाठी पाप करावे लागत नाही. मरण पुरेसे असते. तेथील अधिपती हुन कामे आणि वुकुब कामे, म्हणजे ‘एक मृत्यू’ आणि ‘सात मृत्यू’. त्यांच्या हाताखालच्या सरदारांकडे शिक्षेची खाती नाहीत, रोगांची आहेत. कोणी माणसाच्या अंगात पू भरवतो, कोणी कावीळ आणतो, कोणी त्याला हाडांचा सापळा होईपर्यंत झिजवतो; आणि शिक व पाटान या जोडीकडे वाटेने चालता चालता रक्त ओकून येणाऱ्या अवचित मरणाचे काम आहे. माणसे का मरतात, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. माणसे कशी वागली, याची चौकशी तेथे होत नाही.

तेथे पोचण्याची वाट उतरणीची आणि पाणथळ आहे. रक्ताची नदी, पुवाची नदी, मग लाल, काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या रस्त्यांचा चौक. त्यापुढे परीक्षेची घरे येतात: काळोखाचे, थंडीचे, जॅग्वारांचे, वटवाघळांचे आणि आपोआप फिरणाऱ्या पात्यांचे. हा भूगोल कल्पनेतला असला तरी त्याची दारे लोकांच्या ओळखीची होती. युकातानच्या चुनखडीच्या भूमीत छत कोसळून उघडे पडलेले पाण्याचे खोल डोह, ज्यांना सेनोते म्हणतात, आणि डोंगरांतील गुहा ही अधोलोकाची तोंडे मानली जात. बेलीझमधील आक्तुन तुनिचिल मुक्नाल या गुहेत खोलवर मातीची भांडी आणि माणसांचे सांगाडे आहेत, आणि शतकानुशतके ठिबकणाऱ्या पाण्यातील क्षारांचे पुट चढल्यामुळे त्यांतील काही सांगाडे दिव्याच्या उजेडात चकाकतात.

जुळ्या भावांची कथा काय आहे आणि तिला एवढे महत्त्व का?

हुन हुनहपू आणि वुकुब हुनहपू हे दोघे भाऊ रबरी चेंडूचा खेळ खेळत असत. डोक्यावर चाललेल्या या दणदणाटाने शिबाल्बाचे अधिपती चिडले आणि त्यांनी दोघांना खाली खेळायला बोलावले. भाऊ पहिल्याच परीक्षांत फसले, मारले गेले, आणि हुन हुनहपूचे मुंडके एका वठलेल्या झाडाच्या बेचक्यात ठेवण्यात आले. त्याबरोबर ते झाड गोल फळांनी असे लगडले, की मुंडके कोणते आणि फळ कोणते हे ओळखू येईना. अधोलोकातल्याच एका सरदाराची मुलगी शकिक कुतूहलाने तेथे गेली. कवटी तिच्या तळहातावर थुंकली, आणि त्या थुंकीतून तिला दिवस गेले. बापाने तिला मारण्याची आज्ञा दिली, पण ती निसटून वर पृथ्वीवर आली आणि तिने हुनहपू व श्बालान्के या जुळ्यांना जन्म दिला.

पुढे हे मुलगेही चेंडू खेळू लागले आणि त्यांनाही तेच बोलावणे आले. निघताना त्यांनी आजीच्या घरात मक्याची रोपे लावली आणि सांगितले, की ही सुकली तर आम्ही मेलो असे समज, आणि पुन्हा कोंब आले तर आम्ही जिवंत आहोत असे समज. बाप जेथे फसला तेथे मुलगे फसले नाहीत. परंतु शेवटी मृत्यूला हरवायचे तर मरावे लागणार, हे त्यांनी ओळखले. दोघांनी आपण होऊन पेटत्या भट्टीत उडी घेतली. त्यांनीच आधी पढवून ठेवलेल्या दोघा द्रष्ट्यांच्या सल्ल्यावरून शिबाल्बाच्या सरदारांनी त्यांची हाडे पाट्यावर मक्यासारखी दळली आणि नदीत टाकली. पाचव्या दिवशी ते माशांसारख्या रूपात पाण्यात दिसले, आणि मग फाटक्या कपड्यांतले नाचे बनून गावोगाव खेळ करू लागले. एकाने दुसऱ्याला कापायचे आणि पुन्हा उठवायचे, हा त्यांचा सर्वांत गाजलेला खेळ. मृत्यूचे अधिपती तो पाहून इतके भारावले, की आम्हालाही कापा, असे स्वतःच म्हणाले. जुळ्यांनी त्यांना कापले, आणि तेवढ्यावर खेळ थांबवला.

संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा गाळला जाणारा एक प्रसंग माझ्या मते संपूर्ण कथेतला सर्वांत बोलका आहे. विजयानंतर जुळे वडिलांना जोडून उठवण्याचा प्रयत्न करतात. आपल्या चेहऱ्यावरील प्रत्येक अवयवाचे नाव सांगितले तर वडील पूर्ववत होणार असतात. पण तोंड, नाक आणि डोळे यांपलीकडे त्यांना काही आठवत नाही. मग मुलगे त्यांना चेंडूच्या मैदानातच ठेवतात, लोक तुमची आठवण ठेवतील आणि येथे येऊन तुमची पूजा करतील असे आश्वासन देतात, आणि स्वतः सूर्य व चंद्र होऊन आकाशात चढतात. गेलेला माणूस होता तसा परत येत नाही. त्याची मुले येतात, त्याची पूजा होते, आणि त्याच्या नावाने मका उगवतो.

या सगळ्यात मक्याला एवढे स्थान कसे?

‘पोपोल वूह’प्रमाणे देवांनी माणूस आधी मातीचा, मग लाकडाचा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तो फसला. शेवटी जुळ्यांची आजी श्मुकाने हिने पिवळा आणि पांढरा मका दळला, त्या पिठापासून माणसाचे मांस झाले, आणि तो माणूस टिकला. देह जर मक्याचा, तर देहाची गतीही मक्याचीच असणार. कणसातला दाणा वाळतो, जमिनीत पुरला जातो आणि काही दिवसांनी हिरवा कोंब होऊन वर येतो.

अभिजात काळातील कलेत हा विचार मका-देवाच्या रूपाने दिसतो. तो नेहमी तरुण आणि देखणा असतो, आणि त्याचे डोके कणसासारखे निमुळते उंच असते. माया उच्चकुलीन लोक तान्ह्या मुलांची डोकी फळ्यांमध्ये बांधून लांबट करत, त्यामागे हाच आकार साधण्याची इच्छा असावी असे बरेच अभ्यासक मानतात. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील एका प्रसिद्ध ताटलीवर कासवाची पाठ दुभंगली आहे आणि त्या भेगेतून मका-देव वर येत आहे. कासव म्हणजे पाण्यावर तरंगणारी पृथ्वी. दोन्ही बाजूंना जुळे भाऊ उभे आहेत. ‘पोपोल वूह’मध्ये हुन हुनहपू हाच मका-देव, असे कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही, तो संबंध अभ्यासकांनी अशा भांड्यांवरून जोडला, आणि आता तो सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. ग्वाटेमालातील सान बार्तोलो येथे २००१ मध्ये सापडलेल्या, इ.स. पूर्व १०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रांतही मका-देव आणि कासव आहेत. म्हणजे ही कल्पना राजांच्या सुवर्णकाळाच्याही आधीची आहे.

टिकालचा राजा हासाव चान काविल इ.स. ६८२ मध्ये गादीवर आला. सुमारे ४७ मीटर उंचीच्या पहिल्या मंदिराखालील त्याच्या थडग्यात नक्षी कोरलेली हाडे मिळाली. त्यांवर एक होडी आहे. दोन वृद्ध देव ती वल्हवत आहेत, मधोमध मका-देव बसला आहे, आणि त्याच्याबरोबर माकड, पोपट, कुत्रा व इग्वाना हे उतारू आहेत. ‘पाण्यात शिरला’ या शब्दप्रयोगाचे याहून चांगले चित्र सापडणे कठीण.

पालेंकेच्या पाकाल राजाच्या शवपेटिकेवर अंतराळवीर कोरलेला आहे, हे खरे का?

खरे नाही. १९६८ मध्ये एरिक फॉन डेनिकेन या स्विस लेखकाने ही कल्पना लोकप्रिय केली आणि तेव्हापासून ती अधूनमधून डोके वर काढते. चित्र आडवे धरले तर एखादा माणूस यानात बसल्यासारखा भास होतो, हे मान्य. पण ते उभे पाहण्यासाठी कोरलेले आहे, आणि तसे पाहिले की त्यातली प्रत्येक गोष्ट इतर माया शिल्पांतून ओळखीची असल्याचे दिसते.

किनिच हानाब पाकाल इ.स. ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी राजा झाला आणि ६८३ मध्ये ऐंशीच्या घरात वारला. चियापासमधील पालेंके येथे ‘शिलालेखांचे मंदिर’ नावाच्या पिरॅमिडखाली त्याची समाधी आहे. मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइयेर यांचे लक्ष मंदिराच्या फरशीतील एका शिळेला पाडलेल्या भोकांकडे गेले. शिळा उचलल्यावर दगडमातीने मुद्दाम बुजवलेला जिना लागला. तो मोकळा करण्यात चार हंगाम गेले, आणि जून १९५२ मध्ये ते समाधीच्या दालनात पोचले. योगायोग असा, की माया लिपीत ध्वनिदर्शक चिन्हे आहेत हे दाखवणारा युरी क्नोरोझोव्ह यांचा लेखही त्याच वर्षी सोव्हिएत संघात प्रसिद्ध झाला. पाकालचे नाव वाचता येण्याची वाट तेथून खुली झाली.

शवपेटिकेचे झाकण सुमारे ३.८ मीटर लांबीची अखंड शिळा आहे. तिच्यावर तळाशी अधोलोकाचा हाडांचा जबडा आ वासून आहे. त्यावर पाकाल मागे रेललेला आहे, आणि त्याच्या अंगावर मका-देवाचा जेडच्या मण्यांचा जाळीदार पोशाख आहे. त्याच्यामागून विश्ववृक्ष सरळ वर गेला आहे आणि शेंड्यावर दिव्य पक्षी बसला आहे. राजा जबड्यात पडतो आहे की त्यातून वर येतो आहे, यावर पुष्कळ वाद झाला. मला वाटते दोन्ही एकाच वेळी दाखवणे हाच शिल्पकाराचा हेतू असावा, कारण पेरलेल्या दाण्याबाबतही या दोन क्रिया निराळ्या काढता येत नाहीत.

झाकणाइतक्याच महत्त्वाच्या पण फारशा न छापल्या जाणाऱ्या गोष्टी पेटिकेच्या बाजूंवर आहेत. तेथे पाकालचे आईवडील आणि आधीचे पूर्वज जमिनीच्या भेगांतून वर येताना कोरले आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक फळझाड आहे: कोको, ॲव्होकॅडो, पेरू, चिकू. मेलेली पिढी राजाभोवती फळबाग होऊन उभी आहे. पेरू, चिकू आणि मका या तिन्हींचे मूळ अमेरिका खंडातले असून ती आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर रुजली. त्यामुळे मराठी वाचकाला अनोळखी वाटणाऱ्या या शिल्पातली झाडे मात्र परसातली निघतात.

सामान्य माणसांना कसे पुरत?

बहुधा राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा घरामागे. लांदा सांगतो, की प्रेत कापडात गुंडाळत, तोंडात दळलेला मका भरत आणि सोबत चलन म्हणून वापरले जाणारे खडे ठेवत, म्हणजे परलोकात खाण्याची ददात पडू नये. पुरोहिताबरोबर त्याच्या पोथ्याही पुरत. त्यानंतर घर सोडून देत, असेही तो म्हणतो, परंतु उत्खननांत अनेक ठिकाणी उलट चित्र दिसते: लोक त्याच जागी नवी जमीन घालून पिढ्यानपिढ्या राहत गेले. पायाखाली पणजोबा असणे हा वतनाचा जणू पुरावाच होता. श्रीमंतांच्या देहावर हिंगूळ पसरत. रक्ताचा आणि उगवतीच्या दिशेचा तो रंग. जेड हा हिरव्या कोंबाचा, पाण्याचा आणि श्वासाचा दगड. पाकालच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता आणि तोंडात जेडचा मणी होता.

एकदा पुरलेली थडगी ते पुन्हा का उघडत?

मृताशी असलेला व्यवहार दफनाने संपत नसे, म्हणून. लेखांत ‘ओच काक तु मुकिल’, म्हणजे ‘त्याच्या थडग्यात अग्नी शिरला’, असे विधी नोंदलेले आहेत: वारस काही वर्षांनी समाधी उघडून तेथे मशाली आणि धूप जाळत, कधी हाडे हलवत किंवा त्यांना पुन्हा हिंगूळ लावत. पिएद्रास नेग्रास या माया नगरीतील चाळिसाव्या क्रमांकाच्या शिलास्तंभावर, इ.स. ७४६ च्या सुमारास, राजा गुडघे टेकून खाली थडग्यात धूप सोडत आहे. थडग्यातील पूर्वजाकडून श्वासाची गाठी मारलेली दोरी वर त्याच्यापर्यंत आलेली आहे. पालेंकेलाही पाकालच्या पेटिकेपासून जिन्याच्या कडेने थेट मंदिराच्या फरशीपर्यंत दगडी पोकळ नळी नेलेली आहे, आणि ती सोय वरच्या जिवंतांनी खालच्या राजाशी संपर्क ठेवावा यासाठीच असली पाहिजे. युकातानमधील कोकोम घराण्याची रीत आणखी निराळी होती. लांदाच्या म्हणण्याप्रमाणे ते आपल्या मृत सरदारांच्या कवट्या स्वच्छ करून त्यांवर राळेने पुन्हा चेहरा घडवत, घरातल्या देवांजवळ ठेवत आणि सणावारी त्यांना जेवण वाढत.

माया पुनर्जन्म आपल्याकडच्या पुनर्जन्मासारखाच आहे का?

शब्द एकच वापरावा लागतो, पण कल्पना वेगळ्या आहेत. भारतीय परंपरांत कर्मानुसार योनी मिळते आणि या फेऱ्यातून सुटणे हे ध्येय असते. माया विचारात हिशेब नाही आणि सुटकेची ओढही नाही. फेरा चालू राहणे हेच इष्ट, कारण तो थांबला तर मका उगवणार नाही.

त्यांच्याकडचा कळीचा शब्द आहे ‘केश’, म्हणजे अदलाबदल किंवा जागा भरून काढणे. ग्वाटेमालातील सान्तियागो आतित्लान येथील त्झुतुहिल लोक ‘हालोह-केशोह’ असा जोडशब्द वापरतात. ‘हाल’ म्हणजे एकाच जिवाचे बाहेरून होणारे बदल: कोंब, रोप, कणीस, वाळलेले कणीस, बाळ, तरुण, म्हातारा. ‘केश’ म्हणजे एका पिढीची जागा दुसरीने घेणे. नातवाला आजोबांचे नाव देतात, तेव्हा तो त्यांचा ‘केशेल’, म्हणजे बदली, होतो, आणि काही माया भाषांत आजोबा व नातू या दोघांसाठी ‘माम’ या एकाच धातूवरून झालेले शब्द आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रातही घरोघरी ओळखीची आहे. फरक असा, की आपण त्यात बहुधा आठवण पाहतो आणि ते त्यात रिकामी झालेली जागा भरलेली पाहतात.

आतित्लानमध्ये पेरलेल्या मक्याच्या दाण्यांना ‘मुक’, म्हणजे पुरलेले, किंवा ‘लहान कवट्या’ असेही म्हणतात. झाडाच्या बेचक्यातून थुंकणारी ती कवटी येथे पुन्हा भेटते.

नरबळींमागे हीच समजूत होती का?

काही प्रमाणात होय. जीवन मृत्यूतूनच उगवते असे मानले, की अदलाबदल म्हणून जीव देणेही तर्कात बसते, आणि हा त्या विचाराचा भयंकर भाग आहे, तो झाकण्याचे कारण नाही. चिचेन इत्सा येथील पवित्र सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभराहून अधिक मुलांचे अवशेष सापडले होते. त्यांपैकी ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते सगळे मुलगे निघाले, बरेचसे तीन ते सहा वर्षांचे. अनेक जण एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते, आणि एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्याही त्यांत होत्या. संशोधकांनी याचा संबंध जुळ्या भावांच्या कथेशी जोडला आहे. सेनोतेत केवळ कुमारिकांना ढकलत, ही जुनी रंजक कथा या निष्कर्षांपुढे टिकत नाही.

मृत्यूदेवाचे नाव ‘आह पुच’ होते का?

हे नाव लोकप्रिय पुस्तकांत रुळले आहे, पण त्याचा आधार कच्चा आहे. पोथ्यांत हाडांच्या सापळ्यासारखा, फुगलेल्या पोटाचा आणि गळ्यात डोळ्यांची माळ घातलेला देव दिसतो. अभ्यासक त्याला सावधपणे ‘देव अ’ म्हणतात. युकातानमध्ये आणि लाकान्दोन लोकांत ‘किसिन’ हे नाव प्रचलित आहे आणि त्याचा संबंध अपानवायूच्या दुर्गंधीशी आहे. मृत्यू हा त्यांच्याकडे भयंकर होता, तसाच तो हास्यास्पद आणि घाणेरडाही होता. भांड्यांवरचे सापळे नाचताना दिसतात. मरणाऱ्याचा श्वास फुलासारखा आणि मृत्यूचा वास असा, हा विरोध त्यांनी जाणीवपूर्वक जोपासला असावा.

त्यांना स्वर्ग होता का?

लांदा सांगतो, की चांगले लोक यास्चे वृक्षाच्या सावलीत कायमची विश्रांती घेत आणि वाईट लोक मित्नाल नावाच्या ठिकाणी भूक व थंडी सोसत. यास्चे म्हणजे सीबा, आपल्याकडे पांढरी सावर म्हणतात तोच वृक्ष. झाडाचा तपशील अस्सल माया वाटतो. बऱ्यावाइटाची विभागणी मात्र ख्रिस्ती प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांसारखी दिसते. अभिजात कलेत फुलांनी बहरलेला, पक्ष्यांनी भरलेला एक पर्वत येतो, आणि पूर्वज व सूर्य तेथे राहतात असे दिसते. आकाशाचे तेरा आणि पाताळाचे नऊ थर एकावर एक रचलेले होते, ही ठाम मांडणी मात्र जपून वापरावी. नऊ आणि तेरा हे आकडे माया लोकांना प्रिय होते हे खरे, परंतु थरांची उतरंड ही युरोपीय चित्रांच्या प्रभावाने आली असावी, असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

आकाशातील ग्रहांचा या समजुतींशी संबंध होता का?

होता, आणि तो मोजलेला होता. सूर्य रोज संध्याकाळी अधोलोकात जातो आणि पहाटे परत येतो. शुक्राचे चक्र शिल्लक चार पोथ्यांपैकी ड्रेस्डेन पोथीत ५८४ दिवसांचे दिले आहे: २३६ दिवस पहाटेचा तारा, ९० दिवस अदृश्य, २५० दिवस संध्याकाळचा तारा आणि पुन्हा आठ दिवस अदृश्य. या आठ दिवसांनंतरचा उदय विशेष घातक मानला जाई. पोथीतील चित्रांत शुक्रदेव भाल्याने कोणाला तरी भोसकताना दाखवला आहे. मरून परतलेला पाहुणा रागावलेला असतो, असा त्याचा अर्थ घ्यावा.

२०१२ मध्ये जगाचा अंत सांगितला होता का?

नाही. २१ डिसेंबर २०१२ रोजी दीर्घगणनेतील, म्हणजे माया लोकांच्या सलग दिवस मोजण्याच्या कालगणनेतील, एक मोठे आवर्तन पुरे झाले, एवढेच. पालेंकेच्या शिलालेखांत पाकालच्या राज्यारोहणाशी जोडून इ.स. ४७७२ मधील तारीख कोरलेली आहे. ज्यांना २०१२ मध्ये जग संपणार असे वाटत होते, ते लोक ४७७२ चा सोहळा कशाला मोजत बसतील?

या समजुतींतले आज काय उरले आहे?

ख्रिस्ती संतदिनांच्या आवरणाखाली बरेच काही आहे. ग्वाटेमालातील सुम्पांगो आणि सान्तियागो साकातेपेकेस येथे १ नोव्हेंबरला प्रचंड मोठे कागदी पतंग उभारतात आणि ते मृतांशी संपर्काचे साधन मानले जातात. मेक्सिकोच्या कांपेचे राज्यातील पोमुच गावात दफनानंतर साधारण तीन वर्षांनी हाडे बाहेर काढून लाकडी पेटीत, भरतकाम केलेल्या रुमालावर ठेवतात. दरवर्षी मृतांच्या दिवसाआधी घरचे लोक येतात, प्रत्येक हाड ब्रशने हळुवार पुसतात आणि रुमाल बदलतात. आजीची कवटी पुसताना तिच्याशी गप्पाही चालतात.

युकातानमध्ये ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या दिवसांना ‘हानाल पिशान’, म्हणजे आत्म्यांचे जेवण, म्हणतात. पहिला दिवस मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्या वेळी करायचा मुख्य पदार्थ म्हणजे मक्याच्या पिठात कोंबडीचे मांस घालून, केळीच्या पानांत बांधून, जमिनीत खणलेल्या तापत्या खड्ड्यात पुरून भाजलेली जाड भाकर. तिला मुकबिल-पोयो म्हणतात. यातले ‘पोयो’ स्पॅनिश आहे, कोंबडी या अर्थाचे. ‘मुकबिल’ म्हणजे पुरलेले. राजाच्या थडग्याच्या नावात आणि आतित्लानच्या पेरलेल्या दाण्यांच्या नावात आहे, तोच हा ‘मुक’.